ठाण्यातून परत आलेली दुनळी कशी तपासायची

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्याकडे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. २०२४ साली आमची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, अशी दोनदा ठाण्यात जाऊन आली. मार्चच्या मध्यावर लोकसभेची आचारसंहिता लागली, १३ मेला जळगाव-रावेरचं मतदान झालं, जूनच्या पहिल्या आठवड्यात आचारसंहिता उठली. बंदूक घरी येऊन चार महिने होताहेत तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली. उन्हाळ्याच्या खेपेला काहीच झालं नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात लोखंडाला गंज चढायचा तर पाणी आणायचं कुठून? ऑक्टोबरच्या खेपेला मात्र मीच माती खाल्ली. परतीचा पाऊस चालू होता, बंदुकीचं कव्हर फाटलेलं, म्हणून घाईघाईत गोधडीत गुंडाळून नेली. गोधडी दोन दिवसांपूर्वी धुतलेली, वरून वाळलेली, आत दमट. डिसेंबरात परत आणून उलगडली तर उजव्या नळीवर गोधडीच्या धावदोऱ्याची नक्षी गंजात उमटलेली. टाके मोजता येत होते.

मी भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. शेती चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अंगाला. केळी, मका, थोडा हरभरा. बंदूक आजोबांची, बारा बोअरची दुनळी, बर्मिंगहॅमची. आजोबांनी ती जळगावच्या एका वकिलाकडून जुनीच घेतलेली. बारा बोअर म्हणजे काय हे पोरं नेहमी विचारतात, म्हणून सांगून टाकतो: नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात बारा चढतात, म्हणून बारा. मापानं साडेअठरा मिलिमीटर.

ठाण्यात बंदूक जमा करायचा दिवस म्हणजे तालुक्यातल्या परवानेवाल्यांचं संमेलनच. एरवी लग्नातसुद्धा न भेटणारी माणसं व्हरांड्यात ओळीनं बसलेली असतात, प्रत्येकाच्या मांडीवर एक लांबट गाठोडं. आणि वाद एकच, कुणाची चांगली. नानांकडे इशापूरची तीनशेपंधरा रायफल आहे. तीनशेतीन ही फौजेची बोअर, ती साध्या माणसाला मिळत नाही, म्हणून इंग्रजांच्या काळापासून इकडे ही आठ मिलिमीटरची तीनशेपंधरा चालत आली. नानांचं म्हणणं, पाच गोळ्या, बोल्ट ओढला की पुढची तयार. आप्पांकडे ब्रनोची पॉइंट टू-टू; तिचा आवाज नाही, धक्का नाही, आणि आप्पा तिला लेकीसारखी जपतात. माझ्या गाठोड्याकडे बघून नाना दर निवडणुकीला एकच वाक्य टाकतात.

"तुनी दुनळी म्हंजे बैलगाडी शे भो."

"नाना, बैलगाडीना ब्रेक कधी फेल व्हत नही."

मग चहा येतो. हा वाद साता समुद्रापलीकडेही असाच चालतो म्हणे. भाचा टेक्सासला असतो. त्याच्याकडे रुगरची टेन ट्वेंटी-टू आहे, १९६४ पासून बनत आलेली, दहा गोळ्यांचं गोल फिरतं मॅगझिन, चाप ओढला की पुढची गोळी आपोआप चढते. त्याच्या शेजाऱ्याकडे ब्राउनिंगची जुनी टू-टू, तीही आपोआप भरणारी, पण मॅगझिन दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकायच्या लाकडाच्या, आत नळीसारखं आणि रिकामी पुंगळी खालून पडते. ब्राउनिंगची ती रचना १९१४ पासूनची. दोघं दर रविवारी भांडतात: शेजारी म्हणतो, लोखंड आणि अक्रोडाचं लाकूड ते खरं, भाचा म्हणतो, माझ्या रायफलीचा कुठलाही भाग दुकानात मिळतो. आपल्याकडे या जातीची हत्यारं शस्त्र-नियमांच्या पहिल्या वर्गात येतात, साध्या परवान्यावर नाहीत, त्यामुळे आम्ही नुसतं ऐकायचं. मी भाच्याला एवढंच विचारलं, "मॅगझिन काढलं, तरी एक गोळी नळीत राहतेच ना रे?" तो म्हणाला, "राहते, मामा. इथं सगळ्यात जास्त घोटाळे त्यानंच होतात."

माझं दुनळीबद्दलचं सगळं म्हणणं त्यात आलं. दुनळी मोडली, म्हणजे मधल्या सांध्यावर उघडली, की दोन भोकं समोर. आरपार उजेड दिसला तर रिकामी, नाही दिसला तर नाही. बाहेरून अंदाज बांधायचा प्रश्नच नाही. पण उजेड दिसतो म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही, आणि ते बघायचं कसं हे रांगेतल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. तेवढ्यासाठी हे लिहितो आहे. नानांच्या रायफलीला यातलं अर्धंच लागू पडेल.

ठाण्याच्या टेबलावरच

बंदूक हातात आल्या आल्या मोडा. हवालदारसाहेब "घ्या, सही करा" म्हणत असले तरी आधी मोडा. नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे, बोटं चापाच्या बाहेर, वरची कळ दाबून मोडा आणि दोन्ही भोकांत बघा. अंधार असेल तर करंगळी घाला. मी स्वतः एका खेपेला रांगेत एका गृहस्थांच्या डाव्या नळीत काडतूस बघितलं आहे. ती बंदूक जमा होऊन, पावती फाटून, खोलीत राहून परत आली होती. ते स्वतःच म्हणाले, "अरे, हे तर दिवाळीच्या आधीचं." व्हरांड्यात एकदम शांतता. त्या दिवशी वाद झाला नाही.

मग नंबर. दुनळीचा नंबर तीन ठिकाणी असतो: नळ्यांच्या खाली, मधल्या लोखंडी खोक्यावर, आणि नळ्यांखालच्या पुढच्या लाकडाच्या लोखंडी पट्टीवर. तिन्ही एकच हवेत. पुढचं लाकूड हातानं निघतं, त्यामुळे ढिगात दुसऱ्याचं लाकूड आपल्याकडे यायला वेळ लागत नाही. वरवर बसतंही, पण सांध्याला ते घासलेलं नसतं आणि वर्षभरात सांधा खातं. जमा करतानाच पावतीवर नंबर, कव्हर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मी फोटो काढले होते म्हणूनच गंज जमा करतानाचा नव्हता हे मला कळलं. आणि दोष गोधडीचा, म्हणजे माझा, हेही.

घरी आल्यावर

चांगला उजेड असलेली जागा, खाली जुनं धोतर. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. नळ्या, खोकं-दस्ता आणि पुढचं लाकूड असे तीन तुकडे वेगळे करा. एवढंच. याच्या पुढचा एकही स्क्रू घरी फिरवू नका. आतली कमान (स्प्रिंग), घोडे, चाप यांचं काम परवानाधारक बंदूक-कारागिराचं. कायद्यानं दुरुस्तीलाही परवाना लागतो. मी तीस वर्षं पाना धरला तरी त्या स्क्रूंना हात लावत नाही. त्यांच्या खाचा इतक्या बारीक असतात की बाजारातला स्क्रूड्रायव्हर त्या पहिल्याच फेऱ्यात फाडतो.

आणि नळ्या वेगळ्या असताना चाप ओढू नका. बिनघोड्याच्या दुनळीत घोडे आत असतात आणि नळी मोडली की आपोआप ताणले जातात. ही रचना बर्मिंगहॅमलाच १८७५ साली निघाली आणि आजही बऱ्याच दुनळ्या त्यावरच चालतात. नळ्या काढून चाप ओढला तर घोडे सुटतात, सांध्याच्या पुढून डोकावणारे दोन दांडे बाहेर येतात आणि नळ्या परत बसतच नाहीत. कॉलेजात असताना मी हा पराक्रम केला. वडील शेतातून यायच्या आत बंदूक जोडायची होती. शेवटी ते दांडे पाटाच्या कडेवर टेकवून, सगळं वजन टाकून दाबले तेव्हा आत खट्‌ खट्‌ झालं. पाटावर अजून दोन खड्डे आहेत. आई त्यावर बसवून घरातल्या प्रत्येकाला ओवाळायची.

आता नळ्या. पहिली तपासणी कानाची. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच. नळ्यांच्या खालच्या आकड्यात, म्हणजे हुकात, एक बोट अडकवून त्या अधांतरी लोंबत्या धरा आणि मधोमध लाकडी लाटण्यानं हलकेच टोला द्या. देवळातल्या घंटेसारखा सूर निघून थोडा वेळ रेंगाळला पाहिजे. बद्द आवाज आला, किंवा सुराबरोबर झर्र झर्र ऐकू आलं, तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचा डाख (सोल्डर) सुटलेला आहे. दुनळीच्या दोन नळ्या आणि वरची-खालची पट्टी हे सगळं डाखानं धरलेलं असतं. एकदा फट पडली की ओल आत शिरते, आणि पट्टीखालचा गंज तुम्हाला कधीच दिसत नाही. त्या दिवशी मी आमच्या नळ्यांना टोला दिला तेव्हा स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "बाबा, आरती आहे का?" तेव्हा जीव भांड्यात पडला.

दुसरी तपासणी डोळ्याची. दोन्ही नळ्या आतून कोरड्या कपड्यानं पुसा. तेलाचा थर राहिला तर खड्डे झाकले जातात. जुन्या बंदुका विकणारे हेच करतात. मग चुना दिलेल्या भिंतीकडे तोंड करून नळीतून बघा, ट्यूबलाइटकडे नको. आत उजेडाच्या वर्तुळांमागे वर्तुळं दिसतील. वर्तुळ एखाद्या ठिकाणी चेपलं असेल तर बाहेरून पोचा आहे. बाहेर नखानं सुद्धा लागत नाही, आत मात्र लगेच दिसतो. पोचा असलेली नळी चालवायची नाही, कारागिराकडे न्यायची. काळे ठिपके असतील तर नळी हळूहळू फिरवा. ठिपका सावलीसारखा सरकला तर घाण आहे, निघेल. जागच्या जागी राहून त्याला कड दिसली तर तो खड्डा आहे, देवीच्या व्रणासारखा, तो निघत नाही. तोंडाकडे पाच-सात व्रण असले तरी चालतं. काडतूस बसतं तिथून पुढच्या वीतभर भागात असतील तर सगळा दाब तिथंच असतो, म्हणून ती नळी कारागिरानं मापून दिल्याशिवाय वापरू नका.

हे व्रण येतात कुठून? आजोबा बार काढला की संध्याकाळी नळीत उकळतं पाणी ओतायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा बंदुकीला आंघोळ घालतो. कारण फार साधं होतं. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊ, नळीत मागे राहतो. मीठ तेलात विरघळत नाही. वरून कितीही तेल चोळा, खालचं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि तेलाखालीच नळी खात राहतं. पाण्यानं ते धुऊन जातं, आणि पाणी उकळतं असलं की नळी गरम होऊन आपोआप वाळते. घरात आजोबांच्या वेळची काडतुसं निघाली तर ती वापरू नका. ती दाखवून रीतसर जमा करायची.

सांधा

या गोष्टीवरून रांगेत सगळ्यात जास्त फुशारक्या मारल्या जातात. "माझी अजून टाइट आहे." टाइट आहे की नाही हे असं बघा: बंदूक परत जोडा, पण पुढचं लाकूड लावू नका. ते लाकूड कमानीनं सांधा दाबून धरतं, म्हणून त्याच्यासकट हलवाल तर सैल बंदूकही घट्ट वाटेल. रिकामी आहे हे पुन्हा बघून, दस्त्याची मूठ धरून, नळ्या आडव्या ठेवून मनगटानं हलकासा झटका द्या. टिक्‌ असा आवाज आला तर आकडा झिजला आहे. मग वर्तमानपत्राची बोटभर पट्टी नळ्यांच्या मागच्या तोंडावर ठेवून बंदूक बंद करा आणि पट्टी ओढा. फाटली तर उत्तम. सरकून सबंध बाहेर आली तर फट आहे. माझ्याकडे फट मापायच्या फीलर गेजची जुनी पानं आहेत, त्यामुळे मी मापूनच बघतो, पण वर्तमानपत्र तेवढंच खरं बोलतं.

वरच्या कळीकडेही बघा. बंदूक बंद असताना कळ मध्यावरून थोडी उजवीकडे राहिली पाहिजे. तो उजवीकडचा हिस्सा म्हणजे कारखान्यानं झिजेसाठी ठेवलेली शिल्लक. कळ वर्षानुवर्षं सरकत मध्यावर येते, मग डावीकडे जाते. आमची अगदी मध्यावर आहे. नानांना हे मी सांगितलेलं नाही.

छाप आणि काडतूस

हा भाग मात्र घाई न करता करा. नळ्या उलट्या करून मागच्या सपाट भागावरचं तेल पुसा आणि भिंगानं छाप बघा. बर्मिंगहॅमचं पारख-घर १८१३ पासूनचं. इंग्लंडात पारख झाल्याशिवाय बंदूक विकता येत नाही. प्रत्येक नळीत जादा दारूचा बार काढून बघतात आणि टिकली की छाप मारतात. मुकुटाखाली बी.पी., मुकुटाखाली बी.व्ही. आणि मुकुटाखाली एन.पी. असे वेगवेगळे छाप असतील तर ती १९०४ ते १९५४ मधली. त्यातला एन.पी. महत्त्वाचा, तो असेल तर नळी आजच्या बिनधुराच्या दारूसाठी पारखलेली आहे. १९५४ नंतरच्या नळीवर मुकुटाखाली बी.एन.पी. एकत्र. एन.पी. कुठंच नसेल, आणि त्यातून नळीवर केसांच्या बटांसारखी नागमोडी नक्षी असेल, तर ती काळ्या दारूच्या काळातली पिळाची नळी. ती पुसून, तेल लावून ठेवा. त्यात आजचं काडतूस घालू नका, कोण काय म्हणेल ते म्हणो.

आता लांबी. जुन्या इंग्रजी दुनळ्यांची काडतूस बसायची जागा बहुधा अडीच इंच; तिच्या काडतुसांच्या पेटीवर ६५ मिलिमीटर लिहितात. आज मिळणारी बरीच काडतुसं ७० ची. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या नळीत अगदी आरामात बसतं, बंदूक बंद होते, काही अडत नाही. कारण ७० ही लांबी फुटून तोंड उलगडलेल्या काडतुसाची. न फुटलेल्याचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं. बार सुटला की दुमड उलगडते, आणि उलगडायला जागाच नसते. पुढे नळी निमुळती होते तिथं ते तोंड घुसून वाट अडवतं. छऱ्यांना त्या अडलेल्या गळ्यातून जावं लागतं आणि दाब चढतो. एका बारानं काही होत नाही म्हणून लोक बिनधास्त राहतात. सांधा सैल होतो तो याच्यानं, आणि पुढचं सगळं नशिबावर.

मी पितळेची एक पट्टी २०.२ मिलिमीटर रुंदीला घासून ठेवली आहे. मागून आत सरकवली की काडतुसाची जागा संपून नळी निमुळती होते तिथं ती अडते. नखानं खूण करायची, बाहेर काढून मोजायची. आमची बरोबर ६५ भरली. शंका असली तर कारागिराकडून गेजनं मापून घ्या, पाच मिनिटांचं काम. आणि काडतुसं घेताना पेटीवर ६५ आहे की ७० ते वाचा, खडकीच्या कारखान्याची असली तरी वाचा. दुकानदार "सगळी एकच" म्हणतो. एकच नाहीत.

गंज

माझ्या धावदोऱ्याकडे येतो. पहिल्यांदा काय करायचं नाही ते. आमच्या एका गड्यानं नव्वदच्या सुमारास बंदूक चकाचक करायची म्हणून चिंच आणि काथ्या घेऊन डावी नळी घासली, पितळेचा हंडा घासतात तशी. वीतभर नळी चांदीसारखी झाली. बिचारा कौतुकाच्या अपेक्षेनं उभा होता. बंदुकीचा तो निळसर काळा रंग हा रंग नसतोच. तो लोखंडाचाच मुद्दाम चढवलेला काळा गंज असतो, तांबड्या गंजाला अडवणारा. आंबट काहीही लावलं की दोन्ही गंज एकदम जातात. पॉलिश पेपरचं तेच. त्या वीतभर पट्ट्यावर दर पावसाळ्यात सगळ्यात आधी तांबूस झाक येते, अजूनही.

करायचं ते असं. शिलाई मशीनचं तेल गंजावर सोडा आणि एक रात्र तसंच राहू द्या. सकाळी तांब्याचं किंवा काशाचं जुनं नाणं घ्या. माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा भोकाचा पैसा आहे, तो बोटात छान बसतो. त्याच्या कडेनं, तेलातच, अगदी हलक्या हातानं खरवडा. पोलादापेक्षा तो धातू मऊ, म्हणून गंज उडतो आणि काळ्या थराला ओरखडा पडत नाही. तेल तांबडं झालं की पुसा, नवीन सोडा, पुन्हा. धावदोरा जायला मला तीन संध्याकाळी लागल्या. दोन टाके गेले नाहीत, खाली खड्डा पडलाच. नळीच्या आत पितळी तारेचा ब्रश, मागच्या बाजूनं घालायचा, गजावर. मग कपडा, मग तेलाचं एक बोट. खोबरेल नको. हिवाळ्यात ते थिजतं, आणि जुनं झालं की डिंकासारखं चिकटतं.

तेल कमी. खोक्यात ओतलं की ते मागे उतरतं, दस्त्याच्या तोंडाशी लाकडात मुरतं आणि लाकूड काळं, भुसभुशीत होतं. म्हणून कपाटात बंदूक उभी ठेवायची तर नळीचं तोंड खाली करून, लाकडी फळीच्या तुकड्यावर. उलटं दिसतं, पाहुणे विचारतात, विचारू देत.

दस्त्याला जवसाचं तेल. तीन थेंब, तळहाताच्या उंचवट्यानं चोळायचं, हात गरम होईपर्यंत, मग कोरड्या कपड्यानं पुसून घ्यायचं. आठवड्यानं पुन्हा. मनगटाएवढ्या बारीक भागात चीर आहे का ते याच वेळी नखानं चाचपा. तिथंच दस्ते तुटतात. आणि तो जवसाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं, चुरगळलेल्या कपड्यात ती उष्णता कोंडून कपडा आपला आपण पेट घेतो. जळगावच्या चव्वेचाळीस अंशात तर विचारूच नका. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

कागद

थोडक्यात सांगतो, कारण हे कलेक्टर कचेरीत विचारूनच करायचं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं. परवाना ज्याचा तो गेला तर बंदूक घरात "बघू नंतर" म्हणून ठेवायची नाही. ती लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची आणि मग वारसानं अर्ज करायचा. आजोबा गेले तेव्हा आम्ही दहाव्याच्या गडबडीत विसरलो होतो, वडिलांना त्यावरून बऱ्याच खेटा पडल्या. २०१६ च्या नियमांत एक सोय आहे जी फार लोकांना ठाऊक नाही: परवानेवाला सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याच्याकडे बंदूक पंचवीस वर्षं राहिली, तर जिवंतपणीच वारसाच्या नावावर करायचा अर्ज करता येतो. आप्पांना मी हेच सांगतो आहे. ते म्हणतात, "मग ठाण्यात कोण येणार? मी की पोरगा?" त्यांची खरी अडचण ती आहे.

आणि डुकरांचं. केळीत आणि मक्यात रानडुक्कर येतं, रात्रीत अर्धा बिघा लोळवतं, मान्य. पण परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या कायद्याखाली वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार काढला तर डुक्कर राहील बाजूला, आपणच आत. मी बांधाला झटका मशीन लावली आहे, त्यावर काम भागतं. नानांच्या रायफलीबद्दल माझा खरा आक्षेपही हाच: आमच्याकडे सपाट रान, केळीच्या पलीकडे मजुरांच्या झोपड्या, आणि रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरच्या पलीकडे जाते. आप्पांची चिमुकली टू-टूसुद्धा जाते. बारीक छरा दोन-तीनशे पावलांत दमतो.

परवा नानांचा फोन आला. रायफल पुसायला काढली होती, बोल्ट ओढला, आतून एक गोळी उडून खाटेखाली गेली. मॅगझिन काढलेलं होतं म्हणे. थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "भो, तुना तो पितळना पट्टा मनी रायफलले चालस का?"

चालत नाही. पण उद्या जाऊन येतो.